आहेर पाठवण्यास मनाई आहे

मी देवचंद कापगते. मुर्रीत राहतो आणि गोंदियाच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की आजवर माझ्यावर कोणी संशय घेतलेला नाही. शेजारी गावाला जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवतात. सोयऱ्यांमध्ये भांडण लागलं की दोन्ही बाजू मलाच मध्ये बसवतात आणि शेवटी दोन्ही बाजू माझ्यावरच रागावतात. यापेक्षा विश्वासाचा पुरावा तो कोणता? अशा माणसाला एका दुकानानं, तेही मालक नाही, गल्ला नाही, पायरी नाही असं हवेतलं दुकान, तोंडावर सांगावं की 'तुमच्या खात्यावरून इतरांना भेट पाठवता येणार नाही'? मी ते वाक्य चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग सुशीलाबाईंचा चष्मा लावून वाचलं. तेच होतं.

सुशीलाबाई म्हणजे आमच्या सौभाग्यवती. त्या म्हणाल्या, "घ्याले मनाई असते हे तुमच्या कचेरीच्या भिंतीवर वाचलं मी. द्याले कोन मनाई करते बाप्पा?"

तीस वर्षांच्या नोकरीत असा नियम माझ्या टेबलावरून गेलेला नव्हता.

प्रकरण दामिनीचं होतं. दामिनी ही माझी भाची, सौंदडच्या धाकट्या बहिणीची, रीताची, एकुलती एक मुलगी. पुण्यात शिकली आणि तिथेच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन तिनं एक कॉम्प्युटरवरचा गेम तयार केला. गेमचं नाव 'बोडी'. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात. एक गाव आहे, पाणी नाही, लोक एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना गोळा करून बोडी खोदायची, पार, म्हणजे काठाचा बांध, घालायची, धानाला पाणी सोडायचं. आमच्या जातीनं पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. पोरीनं ते बसल्या जागी केलं आणि पायाला चिखल लागू दिला नाही, एवढाच फरक. दसऱ्याला तो गेम त्या हवेतल्या दुकानात विक्रीला लागला. फोनवरही चालतो, कॉम्प्युटरवरही चालतो.

दामिनीचे वडील धर्मेंद्रजवाई धानाचे शेतकरी. माणूस सरळ, पण बोलला की दगड मारल्यासारखा लागतो. त्यांनी पोरीला एक अट घातली होती. "मंडईपर्यंत हजार लोकायनं पैसे देऊन घेतला तं राहा पुन्याले. नाई तं सामान बांध." दिवाळीनंतर सौंदडला मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, सारे सोयरे येतात, त्याच दिवशी लाखनीचे एक गुरुजी पोरगी पाहायला येणार होते. गुरुजी चांगले होते. मी चौकशी केली होती. पण दामिनीला तो गेम सोडून कोणाच्याही घरी, चांगल्या गुरुजींच्याही घरी, जायचं नव्हतं. रीतानं मला फोनवर सांगितलं, "दादा, पोरगी जेवत नाई म्हनते. दिवसभर मोजतच राहाते किती विकले."

मी दामिनीला फोन केला. ती म्हणाली, "मामाजी, तुम्हाला फुकटचा कोड पाठवते, तुम्ही खेळून तर बघा."

फुकटचा! आमच्याकडे भाची देवाच्या जागी. मामा तिच्या पाया पडतो, तिला देतो. तिच्याकडून सुपारीचं खांडही घेत नाही. भाचीचं फुकट खाल्लं तर पुढच्या जन्मी काय होतं ते आमच्या आजीनं आम्हाला लहानपणी इतकं सविस्तर सांगितलं होतं, की मी अजूनही त्या प्राण्याकडे पाहत नाही. मी म्हटलं, "पोरी, मामा विकत घेईल. आणि एकटा नाही घेणार." पुढचं तिला सांगितलं नाही. मामाचा आहेर गुपचूपच असावा.

बेत साधा होता. आमचे सोयरे काही कमी नाहीत. प्रत्येकाला एकेक गेम मी आहेर म्हणून पाठवायचा. हजार होणार नाहीत हे मला कळत होतं, पण पोरीला आकडा हलताना दिसेल, एक घास पोटात जाईल. शेजारचे इंद्रकुमार, रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस, म्हणाले, "भाईसाहब, बहुत बढ़िया! आपके यहाँ तो साक्षगंध, यानी सगाई में ही आधी गाड़ी भर जाती है." ही व्यक्ती सल्ला द्यायला कधी तिकीट मागत नाही.

तर खातं उघडलं, आहेर पाठवायला गेलो आणि वर सांगितलेली मनाई आली. इंद्रकुमारांनी इंग्रजी वाचून उलगडा केला. नवीन खातं आहे. आधी स्वतःसाठी काही विकत घ्या, म्हणजे तुम्ही खरे गिऱ्हाईक आहात अशी दुकानाची खात्री पटेल. बरं. मी 'बोडी' स्वतःसाठी घेतली. पटली खात्री. मग दुसरी मनाई आली. भेट फक्त 'मित्रा'लाच देता येते. सोयरा नावाची जात त्या दुकानाला ठाऊकच नाही.

म्हणून मी सर्वांत आधी सुशीलाबाईंना मैत्रीचा प्रस्ताव पाठवला. त्या भाजी चिरत होत्या. फोन वाजला.

"हे का पाठवलं?"

"स्वीकार करा."

"आता? या वयात?"

त्यांनी पदराला हात पुसून स्वीकार केला. ताबडतोब दुकानानं कळवलं, की ही मैत्री अगदी ताजी आहे, तिला काही दिवस जाऊ द्या, मगच भेट पाठवता येईल. मी संतापलो. म्हटलं, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं नोकरीला लागली, आणि हे म्हणतात ताजी!

"बरोबर सांगून राहिलं दुकान," सुशीलाबाई म्हणाल्या. "मैत्री कोठी होती? लगनच होतं."

यावर इंद्रकुमार इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसलो नाही. अजूनही हसत नाही.

सोयऱ्यांकडे खाती नव्हती. तेव्हा मी रविवारी सगळ्यांना मुर्रीला जेवायलाच बोलावलं. सडक अर्जुनीहून माझे काका, कवडूकाका, आले. वय ऐंशीच्या पुढे, कानांनी अधू, पण जेवणाचं आमंत्रण त्यांना बरोबर ऐकू येतं. बाकीची मंडळी वऱ्हाडासारखी जीप भरून आली. मी अंगणात टेबल मांडलं, कॉम्प्युटर ठेवला आणि एकेकाला नाव पुकारून समोर बसवलं. काम कचेरीच्या शिस्तीनं चाललं होतं. पासवर्ड सर्वांना एकच दिला, म्हणजे विसरायला नको. जन्मतारीख विचारली तर कोणाला येईना. आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली तीच खरी, आणि आमच्या गुरुजींना एकच तारीख येत होती. एक जुलै. मीही एक जुलैचाच. त्यामुळे ते कामही भराभर उरकलं.

मैत्री पिकायला हवी तितके दिवस मी वाट पाहिली. पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा जेवायला आली. यावेळी मी न बोलावता आली. मी आहेर पाठवायला सुरुवात केली. आणि इथं जे झालं, त्याबद्दल मी त्या दुकानाला पूर्ण दोष देऊ शकत नाही.

आमच्याकडे आहेर पहिल्या हाकेला कोणी घेत नाही. 'कायले, राहू द्या' असं म्हणायचं असतं. देणाऱ्यानं हाताला धरायचं, घेणाऱ्यानं हात मागे घ्यायचा, मग घरच्या बाईनं मध्ये पडायचं आणि तिसऱ्यांदा मान खाली घालून घ्यायचं. पहिल्यांदाच घेतलं तर माणूस हपापलेला दिसतो. त्यातून हा भाचीचा माल. सगळ्यांच्या फोनवर विचारणा आली, 'घेता की नको?' आणि सगळ्यांनी, लहानथोर सर्वांनी, संस्कारी माणसाप्रमाणे 'नको' दाबलं.

दुकानाला आग्रह ठाऊक नव्हता. त्यानं तत्काळ विक्री रद्द करून माझे पैसे परत केले.

"कवडूकाका, घ्या ना," मी ओरडलो.

"नाई गा, पोरीचं कसं घ्याव?"

"तिचे गेम विकले गेले पाहिजेत, काका!"

"मंग तू अजून एकदा म्हन ना. एकदा म्हनून कोनी घेते का?"

मी पुन्हा सगळ्यांना पाठवलं. पुन्हा सगळ्यांनी 'नको' म्हटलं. तिसऱ्या वेळी मी एकेकाजवळ जाऊन, बोट धरून, 'घेतो' वर दाबायला लावलं. कवडूकाकांचं बोट विळ्यानं घट्टे पडलेलं, फोनला ते बोटच वाटेना. शेवटी सुशीलाबाईंनी स्वतःचं बोट लावलं. सगळे आहेर पोचले. अंगणात टाळ्या झाल्या. मला फार समाधान वाटलं, हे लपवत नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तर. पण इंद्रकुमार म्हणाले, "अभिप्राय भी लिखवा दो, भाईसाहब. लोग पढ़ के खरीदते हैं." मंडळी म्हणाली, काय लिहायचं? गेम तर कोणी उघडला नव्हता, जेवण व्हायचं होतं. सुशीलाबाईंनी सांगितलं, "पोरीबद्दल चांगलं लिहा, आनखी का?" त्यांनी सांगत जावं आणि लोकांनी लिहीत जावं. 'मुलगी सुस्वभावी व गृहकृत्यदक्ष आहे.' 'घराणं नामांकित. स्वतःची धानाची शेती.' 'उंची मध्यम, रंग गव्हाळ, मोठ्यांचा मान ठेवते.' कवडूकाकांनी स्वतः बोलून लिहवून घेतलं: 'गेम पाहिला नाही. पोरगी पाहिली आहे. चांगली आहे.' सर्वांत प्रामाणिक अभिप्राय तोच होता.

सोमवारी कचेरीत असताना फोनवर संदेश आला. माझं खातं बंद. सुशीलाबाईंचं बंद. कवडूकाकांचं, जीपभर सोयऱ्यांचं, सगळ्यांचं बंद. मी फाइल बाजूला ठेवली आणि नुसता बसून राहिलो. संध्याकाळी दामिनीचा फोन आला.

"मामाजी, तुम्ही काय केलं?"

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"काय झालं पोरी?"

"दुकानानं गेमच काढून टाकला विक्रीतून. चौकशी लावली आहे. एकाच घरातून, एकाच पासवर्डवर, सगळे एकाच दिवशी जन्मलेले लोक. घेतात, परत करतात, घेतात, परत करतात. ते म्हणतात ही खाती खऱ्या माणसांची दिसत नाहीत. मीच खोटे गिऱ्हाईक उभे केले असं म्हणतात, मामाजी. मंडईला आता किती दिवस राहिले?"

ज्या पोरीच्या पाया पडतो, तिच्याच पोटावर मी पाय दिला होता. ती मला एक शब्द टोचून बोलली नाही. "जेवलात का?" विचारलं आणि फोन ठेवला. त्या रात्री मी जेवलो नाही. सुशीलाबाईंनी आग्रह केला नाही, त्याही जेवल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. अर्ज लिहिला. 'विषय: भेट पाठविण्यावरील निर्बंध उठविणे व भाचीचा गेम पूर्ववत विक्रीस ठेवणेबाबत.' खाली 'आपला विश्वासू' लिहिताना हात थोडा अडखळला, कारण वाद नेमका त्यावरच होता. अर्ज पाठवला आणि पापणी लवायच्या आत उत्तर आलं: 'आम्ही तुमचं म्हणणं काळजीपूर्वक वाचलं आहे.' आमच्या कचेरीत इतक्या काळजीनं वाचायला तीन महिने लागतात. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, तेवढ्याच काळजीनं. कोणाच्या टेबलासमोर जाऊन उभं राहावं म्हटलं तर टेबल नाही. शिपाई नाही, की त्याला विचारावं साहेब कोणत्या मूडमध्ये आहेत. "ऊपर से किसी का फोन करवाओ," इंद्रकुमार म्हणाले. मी विचारलं, ऊपर कौन है? आम्ही दोघांनीही काही वेळ पंख्याकडे पाहिलं.

मंडईच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं सौंदडला उतरलो. दामिनी त्याच रात्री पुण्याहून निघणार होती. सामान बांधून ठेवलंय, असं तिनं रीताला कळवलं होतं. जवाईंना सगळं खरं सांगायचं आणि जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. माझ्या मनाची तयारी होती की ते म्हणतील, बरं झालं, ब्याद गेली.

खळ्यावर धानाची मळणी चालू होती. धर्मेंद्रजवाईंनी मशीन बंद करवलं, डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं आणि उभ्यानंच सगळं ऐकलं. मी काहीही लपवलं नाही. अभिप्रायांचंही सांगितलं.

"दुकानानं का लिवलं म्हनता? वाचा."

मी वाचलं. ही खाती खऱ्या माणसांची असल्याचं दिसत नाही.

"अजून एकदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. जवाईंचा चेहरा तांबडा झाला.

"कवडूकाका खरा मानूस नाई? माज्या लगनात त्याच मानसानं मले मांडवात नेलं. तो खोटा, तं माजं लगन खोटं? आन मंग पोरगी कोनाची होय? काऊन हो देवचंदभाऊ, कोन हाय तो असा लिवनारा?"

"मशीन लिहिते, जवाई."

"मशीन!" त्यांनी आपल्या मळणीच्या मशीनकडे असं पाहिलं, की तिनंही काही लिहून ठेवलं असावं. "माज्या पोरीनं खोटे मानसं उभे केले म्हनते? रीता, साऱ्या सोयऱ्यायले तलावाच्या पारीवर बोलाव. मंडईसाठी आलेच आहेत. फोन घे."

दुपारी सगळे पारीवर रांगेत उभे राहिले. रीता फोन धरून होती. जवाई एकेकाला पुढे ढकलत होते. नाव सांगा, गाव सांगा, जन्मतारीख सांगा. एक जुलै. एक जुलै. एक जुलै. माझ्यावर पाळी आली तेव्हा मला पहिल्यांदाच ती तारीख सांगताना घाम फुटला. कवडूकाका काठी टेकत पुढे आले आणि फोनकडे वाकून म्हणाले, "जनम कवाचा मले ठाऊक नाई. पन झाला हाय." सर्वांत शेवटी जवाई उभे राहिले. "मी धर्मेंद्र. दामिनीचा बाप. खरा." एवढंच बोलले आणि पारीवरून खाली उतरले.

रीतानं ते चित्रण दामिनीला पाठवलं, निघू नको म्हणून सांगितलं आणि दामिनीनं ते दुकानाला पाठवलं. आता ते कोणा माणसानं पाहिलं की मशीननं, मला ठाऊक नाही. पण मंडईच्या दिवशी सकाळी उत्तर आलं. गेम पुन्हा विक्रीला ठेवला आहे. अभिप्राय काढून टाकले आहेत. देवचंद कापगते यांच्या खात्यावरून भेट पाठवण्याची सोय कायमची बंद करण्यात येत आहे. मी ते 'कायमची' चष्मा लावूनच वाचलं.

पण आनंद कोणाला व्हावा? आमचे आहेर रद्द झाले होते. हजाराचं तर नावच सोडा, आकडा शेकड्यातही धड पोचला नव्हता. बाहेर मंडईचा लाउडस्पीकर वाजत होता. लाखनीचे गुरुजी चार वाजता येणार होते. पोरगी पुण्यातच असल्याचं त्यांना अजून कोणी कळवलं नव्हतं. जवाईंनी ओसरीवर बसून दामिनीला फोन लावला. रीता दाराला टेकून उभी होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता, लहान असताना धरायची तसा.

"हजार झाले का?" जवाईंनी विचारलं.

"नाही बाबा." तिचा आवाज फोनमधून सगळ्या ओसरीला ऐकू आला. "सामान बांधलेलंच आहे. आज रात्रीच्या गाडीनं निघते. तुमचा शब्द मोडणार नाही."

जवाईंनी डोक्याचा दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला. मला वाटलं, झालं. मग ते म्हणाले, "त्या गेममंदी पारीवर एक बुडगा बसला राहाते. दुपट्टेवाला. कोनी काई विचारलं का 'नाई' म्हनते. तो कोन होय?"

मी रीताकडे पाहिलं. जवाईंना मी गेम पाठवलाच नव्हता. माझी हिंमतच झाली नव्हती. रीता जमिनीकडे पाहत होती.

दामिनी हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही विकत घेतला?"

"मंग का फुकट घेऊ? तो बुडगा कोन होय ते सांग."

"तो... असाच आहे, बाबा. गावातला एक म्हातारा."

"हव. वळखलं मी त्याले. शेवटपर्यंत खेळलो. बोडी झाली, पानी आलं, सारे नाचले, आन तो बुडगा तसाच बसला. शेवटीबी हव म्हनत नाई तो?"

"या भागात नाही म्हणत. दुसऱ्या भागात 'हो' म्हणेल असं ठरवलं होतं आम्ही." आता ती रडत होती.

"मंग दुसरा भाग कोन करल?" जवाई ओरडले. "सामान सोड!"

आणि फोन माझ्या हातात कोंबून ते दुपट्टा बांधत खळ्याकडे निघून गेले. लाखनीच्या गुरुजींना नाही म्हणून कळवायचं काम अर्थातच मामाकडे आलं.